चौघांची पानं

आमच्या ब्रिज क्लबच्या सेक्रेटरींइतका प्रामाणिक माणूस मी आजवर पाहिला नाही, आणि तसा दुसरा माझ्या वाट्याला येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. प्रामाणिकपणा माणसाच्या अंगात असावा, नाही असं नाही. पण तो आमटीतल्या मिठाइतका असला की बरं. सेक्रेटरींकडे तो पोत्याने होता, आणि दर रविवारी दुपारी साडेतीन वाजता ते पोतं ते आमच्या डोक्यावर ओतत असत.

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला आणि मी त्यातल्या प्रयोगशाळेत चिकटलो. चिंचवडगावात एक खोली घेतली, एक जुनी सायकल घेतली, आणि कामावरून आल्यावर करायचं काय ह्या विवंचनेत पडलो. त्या वेळी पिंपरी आणि चिंचवड ह्यांच्या मध्ये ज्वारी उभी असायची. संध्याकाळची करमणूक म्हणजे स्टेशनवर जाऊन मुंबईला जाणारी गाडी बघायची, आणि ती गेली की घरी यायचं. कॉलेजच्या वसतिगृहात मी परीक्षांच्या खर्चाने ब्रिज शिकलो होतो. गावात ब्रिज क्लब आहे असं घरमालकांनी सांगितलं तेव्हा मी हर्षाने उडालोच. घरमालक मात्र माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे बघत होते. ते स्वतः त्या क्लबातून निलंबित झालेले होते, हे मला मागाहून समजलं.

क्लब म्हणजे सेक्रेटरींच्या घराचा पुढचा व्हरांडा. पत्रे मारून बंद केलेला. आत एक टेबल, चार खुर्च्या, पत्त्यांचे दोन जोड, भिंतीवर घड्याळ आणि घड्याळाखाली काचेच्या चौकटीत नियम. एकूण एक्केचाळीस. सगळे सेक्रेटरींच्या वळणदार अक्षरात, आणि त्यातले निम्मे अमुक एका सभासदाने अमुक एका रविवारी काय केलं त्यावरून सुचलेले. उदाहरणार्थ, 'पाने वाटताना स्तोत्र पुटपुटू नये' असा एक नियम होता. तो वाचला की त्या सभासदाची आणि त्या रविवारची कल्पना करत बसावंसं वाटे.

सेक्रेटरींचा जन्म गेला दारूगोळ्याच्या एका कारखान्यात, तोही फाटकावर. आत जाणाऱ्या माणसाच्या खिशात काडेपेटी नाही, बिडी नाही, पायात खिळ्यांचा बूट नाही हे बघायचं, एवढंच काम त्यांनी पेन्शनीत निघेपर्यंत केलं. एका ठिणगीने काय होऊ शकतं हे त्यांच्या मनावर इतकं ठसलं होतं की पुढे आयुष्यभर त्यांना जिकडेतिकडे ठिणग्याच दिसत. ब्रिजमध्ये तर फारच. हा चौघांचा खेळ. समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू. आपण किती हात करू ते खेळाआधी बोली करून सांगायचं, आणि त्या बोलीच्या शब्दांपलीकडे आपल्या भिडूला काहीएक कळू द्यायचं नाही. खाकरणं, उसासा, भुवई, ओठ, पान जोरात आपटणं, हे सगळं पाप. कारखान्यात बिडी सापडली तर काय झालं असतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. भुवई हलली तर चिंचवडात काय झालं असतं हे मात्र सेक्रेटरींनी कधी स्पष्ट केलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी माझी दारातच झडती घेतली. अंगठी काढून ठेवायला लावली, कारण अंगठी फिरवून खूण करता येते. फाउंटन पेन जप्त झालं. मग त्यांची नजर माझ्या चष्म्यावर गेली. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, हातात पानं दिली, आणि माझी पानं माझ्याच काचांत दिसतात की काय ते समोर बसून, मग वाकून, मग स्टुलावर चढून पाहिलं. अर्धा तास गेला. शेवटी मी कायम खिडकीकडे पाठ करून बसावं ह्या अटीवर चष्म्याला परवानगी मिळाली. त्यानंतर आवाजाची परीक्षा. 'एक बदाम' ही बोली 'एक किलवर' ह्या बोलीच्याच सुरात आली पाहिजे, असा सातवा नियम होता. माझ्याकडून त्यांनी 'एक बदाम' अकरा वेळा म्हणवून घेतलं. प्रत्येक वेळी डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. अखेरीस म्हणाले, "तुमच्या आवाजात आनंद आहे. तो काढा."

तो मी काढला. त्या क्लबात आनंद काढून टाकणं काही अवघड नव्हतं.

अशा क्लबात माणसं टिकायची कशी? मी गेलो तेव्हा अकरा सभासद होते. बघता बघता त्यांना गळती लागली. पिंपरीगावातले एक पाटील होते, भरघोस मिशांचे, आणि डोक्याने इतके तल्लख की बाकीच्या तिघांची पानं त्यांना न बघता सांगता यायची. एका रविवारी आपली पानं उचलून ते नुसतं "हाय की" म्हणाले. सेक्रेटरींनी डाव तिथेच थांबवला आणि पाटलांना तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. पाटील म्हणाले, "आवो, पानांचं न्हाई बोललो मी. कनवटीला सुपारी हाय का बघत व्हतो." सुपारीचा शोध पानं उचलण्यापूर्वी घ्यायला हवा होता, असा निवाडा झाला. पाटील शांतपणे पागोटं घालून उठले, आणि त्या दिवसापासून स्टेशनसमोरच्या हॉटेलात रमी खेळू लागले. तिथे म्हणे ते मोठमोठ्याने बोलून हरायचे आणि फार सुखात होते. गावातले डॉक्टर टेबलावर बोटं वाजवतात म्हणून गेले. एक मास्तर डाव संपल्यावर भिडूला समजावून सांगतात म्हणून गेले. आमचे घरमालक कशाने गेले ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण स्तोत्राचा नियम कुणामुळे झाला असावा ह्याचा मला दाट संशय आहे.

आणि हे सगळं दुसऱ्यांसाठीच होतं असं म्हणायचीही सोय नव्हती. एकदा सेक्रेटरींचा भिडू मी होतो. माझी एक वाईट खोड म्हणजे मोठं पान हातात आलं की ते मी सोडत नाही. राणी तर मी इतकी जपून ठेवतो की शेवटी ती कुणाच्या तरी एक्क्याखाली मरते. त्या दिवशी तसंच झालं आणि सेक्रेटरींच्या तोंडून एक उसासा निघाला. लहानसाच. पण त्यांनी पानं खाली ठेवली, दौत-टाक काढला आणि स्वतःला दोन रविवारांची निलंबनाची नोटीस लिहिली. ती स्वतःच्या हाताने स्वतःला दिली, पोचल्याची सही केली, आणि पुढचे दोन रविवार हा गृहस्थ स्वतःच्याच घरात पडद्याआड, स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिला. आम्ही त्यांच्या व्हरांड्यात त्यांच्या पत्त्यांनी खेळत होतो आणि काकू त्यांना चहा आत वेगळा देत होत्या.

काकू म्हणजे सेक्रेटरींच्या पत्नी. बारीक चणीच्या, हसऱ्या, आणि नवऱ्याच्या कुठल्याही नियमावर कधी काही न बोलणाऱ्या. दर रविवारी दोनदा पडद्यातून त्यांचा हात चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायचा आणि नंतर रिकाम्या कपांसाठी पुन्हा यायचा. त्या हातापलीकडच्या काकूंचा विचार आमच्यापैकी कुणी केलेला नव्हता. सेक्रेटरींनी तर नाहीच नाही.

होता होता आम्ही तिघेच उरलो. सेक्रेटरी, मी, आणि पिंपरी कॅम्पातले एक सिंधी कापडवाले. फाळणीत सगळं मागे टाकून आलेला हा माणूस, पण चेहऱ्यावर ना सुख ना दुःख. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर बसून बसून त्यांनी तोंडाची सगळी हालचालच बंद करून टाकली होती. त्यामुळे ते एकदाही निलंबित झाले नव्हते, आणि सेक्रेटरी त्यांचं नाव भक्तिभावाने घेत. पण तिघांचा ब्रिज होत नाही. शिवाय शेवटचा, एक्केचाळिसावा नियम असा होता: रविवारी साडेतीनच्या ठोक्याला टेबलावर चौघांची पानं वाटलेली असली पाहिजेत, लागोपाठ तीन रविवार तसं घडलं नाही तर क्लब बरखास्त.

दोन रविवार गेले. त्या आठवड्यात सेक्रेटरी मला रस्त्यात भेटले ते दाढी न केलेले. ह्या माणसाला मूलबाळ नव्हतं, नोकरी संपलेली होती, कुठल्या देवळात किंवा पारावर त्यांचं मन रमत नव्हतं. सोमवार ते शनिवार ते रविवारची तयारी करत. पत्त्यांना पावडर लावून एकेक पान पुसत. क्लब गेला असता तर त्यांना उठून बसायला कारण उरलं नसतं. पाटलांची आणि डॉक्टरांची शिक्षा माफ करा, दोघेही येतील, असं मी सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कनवटीला काडेपेटी बाळगून उभा आहे.

तिसऱ्या रविवारी आम्ही तिघे टेबलाभोवती बसलो होतो. तीन वीस झाले, तीन पंचवीस झाले. कापडवाल्यांच्याही चेहऱ्यावर काहीतरी हलल्यासारखं वाटलं. सेक्रेटरी घड्याळाकडे न बघता समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. तेवढ्यात पडदा सरला आणि हातामागून ह्या खेपेस अख्ख्या काकू बाहेर आल्या. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "मी बसते."

सेक्रेटरी म्हणाले, हा ब्रिज आहे. काकू म्हणाल्या, ठाऊक आहे. नऊ वर्षं भाजी निवडत तेच ऐकतेय. मग त्यांनी पुढे होऊन स्वतःच्या हाताने झडतीला सुरुवात केली. मंगळसूत्र आणि बांगड्या सोडून बाकी सगळं काढून ठेवलं, बांगड्या दंडाकडे घट्ट सारल्या, आणि "एक बदाम" असं इतक्या कोरड्या आवाजात म्हणून दाखवलं की आवाजाची परीक्षा तिथेच आटोपली. घड्याळात दोन मिनिटं उरली होती. भिडू ठरवण्यासाठी पानं कापली, आणि नशिबाची गंमत अशी की काकू आल्या त्या नेमक्या सेक्रेटरींच्याच जोडीला.

साडेतीनला पानं वाटून झाली आणि क्लब वाचला. पण सेक्रेटरींनी आपली पानं उचलली नाहीत. भिडूंचे आपापसातले जे काही समज असतील ते प्रतिस्पर्ध्यांना खेळाआधी सांगितलेच पाहिजेत, असा नियम आहे. तो खऱ्या ब्रिजमध्येही आहे, सेक्रेटरींच्या मनचा नव्हे. ते उभे राहिले, कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, "आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या काळात आमच्यात काही समज झाले आहेत. ते मी जाहीर करतो."

आणि त्यांनी खरोखरच जाहीर केले. ही 'बरं' म्हणाली की तिला ते पटलेलं नसतं. 'बरं बरं' म्हणाली की तिने ते आधीच दुसऱ्या पद्धतीने करून टाकलेलं असतं. भांडी जोरात वाजली तर माझ्या बहिणीचं पत्र आलेलं असतं. ती गप्प बसली तर मी चुकलेलो असतो, आणि गुणगुणायला लागली तर मी चुकलो होतो हे दुसऱ्या कुणीतरी तिला सांगितलेलं असतं. मी जमिनीकडे बघत होतो. कापडवाल्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि हळूच म्हणाले, "सेक्रेटरीसाब, ये तो हर घर में है. आगे चलिए."

काकूंनी विचारलं, मलाही सांगावं लागेल का? नियम दोघांनाही सारखाच, असं उत्तर मिळालं. काकूंनी आपली पानं नीट जुळवली. मग म्हणाल्या, "ह्यांच्या मनात काय चाललंय ते मला कधीच कळलेलं नाही. लिहून घ्या."

मला वाटलं आता काहीतरी अघटित घडणार. पण सेक्रेटरींचा चेहरा समाधानाने फुलला. त्यांनी ते शब्दशः लिहून घेतलं, वर टीपकागद दाबला आणि सांगितलं की तर मग ही जोडी निखालस नियमात बसते. काकू हसल्या. मला मात्र ते हसणं फारसं आवडलं नाही.

मग काकू खेळल्या. बोली चढत चढत त्यांनी सहा बदामांवर नेली, म्हणजे तेरातले बारा हात एकटीने करून दाखवायचे. ज्याची बोली ठरते त्याचा भिडू आपली पानं टेबलावर उघडी मांडून मोकळा होतो. त्याला डमी म्हणतात, आणि डाव संपेपर्यंत त्याने अक्षर बोलायचं नसतं. सेक्रेटरी डमी झाले. आजवर ते डमी झाले की हाताची घडी घालून आमच्यावर पहारा करायचे. त्या दिवशी ते पानं मांडून उभे राहिले, काकूंकडे पाहिलं, चहाची वेळ झालेल्या घड्याळाकडे पाहिलं, आणि पडदा सारून आत गेले.

काकूंनी एकेक हात उचलायला सुरुवात केली. आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला, मग डबे उघडल्याचे, मग तेच डबे पुन्हा उघडल्याचे. साखर सापडत नव्हती हे उघड होतं. पण डमीला बोलायची बंदी, आणि काकू खेळत असल्यामुळे त्यांनीही भिडूशी बोलायचं नाही. पाचव्या डब्याला काकूंचा हात जरा थबकला. पण त्यांनी नियम पाळला आणि पान टाकलं. अखेर सेक्रेटरी ट्रे घेऊन बाहेर आले. चहा बिनसाखरेचा होता आणि दूध त्यात दाखवण्यापुरतं होतं. पाच चमचे साखर घेणारे कापडवाले तो कडू काढा पापणी न हलवता प्यायले. काकू कप संपवून खाली ठेवत माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्याकडे बदामाची राणी आहे. चांगलं पान आलं की तुमचा चहा अर्धा परत येतो. कप मीच विसळते ना." आणि त्यांनी माझी राणी अलगद पकडली.

प्रतिस्पर्ध्याच्या सवयी ओळखायला नियमांची मनाई नव्हती. बारावा हात काकूंचा झाला, डाव संपला, डमीवरची बंदी उठली. असा डाव त्या टेबलावर पुन्हा झाला नाही. त्यावर सेक्रेटरी काय बोलतात म्हणून आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहू लागलो. ते म्हणाले, "साखर कुठे ठेवतेस?"

पुढची दोन वर्षं आम्ही चौघे खेळलो. काकूंनी मला इतकं हरवलं की मला ती सवयच झाली. सेक्रेटरींनी त्यांना दोनदा निलंबित करायचं मनात आणलं, पण चौथा माणूस कुठून आणायचा म्हणून ताकिदीवर भागवलं. मग माझं लग्न ठरलं. कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळालं, रविवारची शिफ्ट लागली, आणि वसाहतीत नवा क्लबही निघाला. त्यात विजेचे पंखे होते आणि हसायला परवानगी होती. मी जात नाही हे सेक्रेटरींना तोंडाने सांगायचं धैर्य मला झालं नाही. मी नुसता जायचा थांबलो. मी नाही म्हणजे चौथा नाही, हे मला पुरतं कळत होतं, आणि तरीही मी गेलो नाही. ह्याची लाज मला आजही वाटते.

तिसऱ्या रविवारी राहवेना. शिफ्ट सुटल्यावर तसाच सायकल मारत चिंचवडला गेलो. पाच वाजून गेले होते. क्लब मेला असणार, आता काय तोंड दाखवायचं, असा विचार करत दारात आलो तर आतून बोली ऐकू आली. टेबलाभोवती तिघं होती. माझ्या जागेवर पानं वाटलेली होती. माझी पाळी आली की सेक्रेटरी आपल्या खुर्चीतून उठायचे, वळसा घालून माझ्या खुर्चीत बसायचे, तिथली पानं उचलून एक टाकायचे आणि परत आपल्या जागी यायचे. परत आल्यावर माझ्या हातातलं त्यांना काहीही आठवत नसे. दुसरा कुणी असता तर मी हे मानलं नसतं. कापडवाल्यांनी मला नंतर शपथेवर सांगितलं की सेक्रेटरी त्या दिवशी स्वतःशीच तीन डाव हरले.

मी आत आलो तेव्हा ते माझ्याच खुर्चीत होते. ते उठले, पानं माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "राणी तुमच्यासारखीच अडकवून ठेवली आहे. उतरायची तर उतरा." उशीर का, दोन रविवार कुठे होतात, काही नाही. मी खिडकीकडे पाठ करून बसलो आणि खेळलो. हरलो. निघताना काकू दारापर्यंत आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमची हजेरी लावलीय बरं का त्यांनी. पहिल्या रविवारी लावली तेव्हा जेवले नाहीत. दुसऱ्या रविवारी थोडं जेवले."

पुढच्या रविवारी नक्की येतो असं मी त्यांना सांगितलं. ते माझ्याच्याने झालं नाही. आधी शिफ्ट होती, मग मुलगी झाली, मग नुसताच आळस. त्यानंतर चार वर्षांनी कॅम्पात कापड घेताना मला कळलं की सेक्रेटरी नुकतेच वारले. भेटायला गेलो तेव्हा काकूंनी चहा केला, आणि कपाटातून हजेरीपट काढून माझ्या पुढ्यात ठेवला. रविवारमागून रविवार, त्याच वळणदार अक्षरात. कापडवाले मधूनमधून गैरहजर होते, काकू एकदा तापाने गैरहजर होत्या. मला राणी अडकवल्याबद्दल सात वेळा ताकीद मिळालेली होती. पण चार वर्षांत मी एकही रविवार चुकवलेला नव्हता.